साहेबासमोर हरण्याची रशियन पद्धत

डाव अर्धा पाहून उठू नये. मी उठलो, आणि त्याचं खापर देवरावभाऊजींच्या डोक्यावर फुटलं.

झालं असं. मी स्टाफ क्लबात नोटीस चिकटवायला गेलो होतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष उलटलं होतं, आणि भट्टीपेक्षा नोटिसाच जास्त निघत होत्या. त्या टाइप करणं हीच माझी नोकरी. क्लबाच्या कोपऱ्यात दोन रशियन बुद्धिबळ खेळत बसले होते. एक भट्टीकडचा थोरला रशियन साहेब. त्याच्या भुवया नुसत्या हलल्या तरी आमचे चार इंजिनियर खिशातून डायरी काढत. दुसरा ग्रीशा, वायररोप ओढणारा पोरगेलासा रिगर, नाकावर उन्हानं सोललेली कातडी.

ग्रीशा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. खेळत कसला, दानधर्म करत होता. दुसऱ्याच खेळीला त्यानं एक प्यादं साहेबासमोर नेऊन ठेवलं. साहेबानं ते घेतलं. मग घोडा मारात सोडून दिला. तोही घेतला. मग आणखी एक प्यादं, मग उंट, मग पुन्हा प्यादं. साहेब घेतोय, हा देतोय आणि वर हसतोय.

मी मनात म्हटलं, वा! म्हणजे रशियातही साहेबाशी हरावंच लागतं. फक्त हे लोक किती देखणं हरतात! आपल्याकडं हरणारा माणूस मान खाली घालून, घाम पुसत हरतो. हा गडी तर लग्नात पंगत वाढल्यासारखा हरत होता. मी सिगरेटच्या रिकाम्या पाकिटावर खेळ्या उतरवून घेतल्या. अकरावी खेळी लिहिली आणि बाहेर आमच्या खुर्सीपार वस्तीकडं जाणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला. तो ट्रक चुकला की रुळारुळानं पायपीट. मी उठलो. पुढं काय होणार ते दिसतच होतं.

आता देवरावभाऊजींबद्दल.

देवराव लांजेवार आमच्या आमगावचे जावई. मनकर्णाबाई ही माझी गावनात्यानं बहीण, म्हणून हे भाऊजी. गावनातं सख्ख्या नात्यापेक्षा जास्त हक्कानं कामं सांगतं, पण वेळेला छप्परही देतं. मी मॅट्रिक होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन भिलाईत आलो तेव्हा भाऊजींच्या खुर्सीपारमधल्या पत्र्याच्या खोलीत माझी वळकटी पडली ती तिथंच राहिली.

भाऊजी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. सामान द्यायच्या खिडकीवर. खरं म्हणजे न द्यायच्या. स्टोअर म्हणजे वस्तू ठेवायची जागा, असं त्यांचं साधं मत होतं. ठेवायची म्हटलं की ठेवायची.

एकदा एक फिटर हातमोजे मागायला आला. भाऊजी म्हणाले, "जुने आन."

"जुने तो भट्ठी में जल गए, लांजेवारजी."

"मग राख आन."

तो बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच पुडीत राख घेऊन आला. भाऊजींनी पुडी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "ही डाव्या हाताची झाली. उजव्याची?"

असा माणूस. मनानं वाईट नव्हते. आजारी पडलो तर रात्रभर उशाशी बसतील. पण ॲस्पिरिनची गोळी देताना तीही अर्धी मोडून देतील, उरलेली उद्या लागेल म्हणून.

बुद्धिबळ ते दुर्गला शिकले. वडील रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन, दुर्गच्या रेल्वे लायनीत क्वार्टर. तिथं बाकड्यावर डाव पडत, आपल्या देशी पद्धतीचे. प्यादं एकेक घर चालणार, राजा एकदा घोड्यासारखी उडी मारणार, आणि आजूबाजूचे सगळे बोलणार. हे बोलणंच खरं. भाऊजींचं निम्मं बुद्धिबळ तोंडात होतं. "घे, घे तो हत्ती. तुह्या बापानं पाहिला होता का कधी हत्ती?" असं म्हणाले की समोरच्याचा हात हत्तीवरून आपोआप मागं येई. वाचवलेला एकही मोहरा त्यांनी फुकट सोडला नाही. डाव दोनदोन दिवस चालत. समोरचा कंटाळून जाई, त्याला ते जिंकणं म्हणत.

इतकं सगळं ठीक, पण घर नव्हतं. म्हणजे बायको होती, पण आमगावला. लग्नानंतर मनकर्णाबाई एकदा खुर्सीपारला आली होती. सार्वजनिक नळावर तिची बादली कुणीतरी रांगेतून उचलून मागं ठेवली. तिनं ती पुढं ठेवली. पुन्हा मागं गेली. तिसऱ्यांदा बादली पुढं गेली ती समोरचीच्या पायावर. संध्याकाळी भांडणाचा निवाडा करायला अर्धी वस्ती आमच्या दारात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती माहेरी गेली. जाताना म्हणाली, "दारात नळ असन तवा बोलवा. नाई तं हत्ती-घोड्यायसंगच संसार करा."

दारात नळ म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरातलं क्वार्टर. भाऊजींचा अर्ज केव्हाचाच पडून होता. क्वार्टर वाटणारे सक्सेना साहेब कानपूरकडचे. गोल चेहरा, गोड बोलणं. त्यांनी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं आणि क्वार्टरही दिलेलं नव्हतं. क्वार्टरं थोडी, माणसं ढीगभर, त्यात त्यांचा काय दोष? पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. लग्नाच्या पंगतीत मी त्यांना पाहिलं आहे. वाढपी जिलेबी घेऊन आला की ते "बस, बस" म्हणत आणि ताट पुढं सरकवत.

मनकर्णाबाईचं जाणं भाऊजी कुणाजवळ बोलत नसत. पण संध्याकाळी स्टोव्हवर दोघांपुरता भात टाकताना अधूनमधून तिघांचे तांदूळ घेत आणि मग मूठभर परत डब्यात टाकत. मी पाहिलं नाही असं दाखवायचो.

अशात क्लबानं बुद्धिबळाची स्पर्धा काढली. रशियनांचं म्हणणं पडलं की स्पर्धेत मजूरही हवेत. आमच्या साहेबांनी लगेच होकार दिला आणि मग मजूर शोधायला लागले. मी भाऊजींचं नाव टाकलं. सामन्यांचा तक्ता मीच टाइप केला आणि करताना त्याची रचना माझ्या ध्यानात आली. पहिल्या फेरीत प्रत्येक साहेबाला एकेक मजूर दिला होता. दुसऱ्या फेरीत साहेब मोठ्या साहेबाशी. मग मोठा त्याहून मोठ्याशी. आणि शेवटी सगळ्यात मोठा साहेब रशियन गटातून जो येईल त्याच्याशी. जणू प्रत्येकानं आपल्या वरच्याशी हरत हरत ही स्पर्धा भारत-सोविएत मैत्रीपर्यंत पोचवायची होती. पहिली पायरी मजुराची.

भाऊजींच्या वाट्याला सक्सेना साहेब आले.

मी तक्ता दाखवला तेव्हा भाऊजींनी बोट फिरवत आपलं नाव शोधलं. मग उठून त्यांनी देवाच्या फोटोला हात जोडले.

"शेषराव, नशीब उघडलं बे!"

"कसं काय? साहेबाशी खेळायचं आहे."

"म्हणूनच तं. साहेबाशी हारीन. साहेब खूश. खूश मानसाच्या हातात कागद ठेवला का सही होते."

"मग सोपं आहे. हरा."

"तुले सोपं वाटते." ते गंभीर झाले. "पोट्ट्या, हारनं लई कठीन. वाईट हारलो तं साहेबाले वाटन, हा तं बैल आहे, बैलाले क्वार्टर कशाले, गोठा पुरे. अन् मुद्दाम हारलो असं दिसलं तं साहेबाचा अपमान. असं हारा लागते का मी मोठा खेळाडू अन् साहेब माह्याहून मोठा."

"आणि बोलता येणार नाही," मी म्हटलं. "हॉलमध्ये शांतता राखायची नोटीस आहे. मीच टाइप केली."

"मग मी खेळू कशानं?"

तेव्हा मी खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं.

मोहरी मांडून मी त्यांना ग्रीशाची पद्धत दाखवू लागलो. पहिल्याच खेळीला अडलं.

"प्यादं दोन घरं? कावून? एक घर चालते प्यादं."

"आंतरराष्ट्रीय नियम आहे. पहिल्यांदा दोन घरं चालतं."

"बरं. पुढं?"

"हे उंटासमोरचं प्यादं असंच दोन घरं पुढं सरकवून सोडून द्यायचं."

"कोणाले?"

"साहेबाला."

"फुकट?"

"फुकट."

भाऊजींनी प्यादं पुढं केलं, पण बोट काही उचलेनात. माझं काळं प्यादं त्यावर आलं तरी बोट तिथंच. स्टोअरची सवय, त्यांना वाटत होतं, कुणीतरी सही करेल. घोडा देताना त्यांनी तोंड फिरवलं. किल्लेकोट त्यांना अजिबात मान्य नव्हता. राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलतात हे ऐकून म्हणाले, "हे म्हंजे एका पासावर दोघं गेले." पण उंट द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज खरोखर बसला.

"शेषराव, बाप्पा, एवढं तं मी लग्नात सासऱ्याले नाई दिलं."

"नळ, भाऊजी. नळ आठवा."

"बरं. प्यादं, घोडा, प्यादं, उंट, प्यादं. मंग?"

मी पाकीट उलटंपालटं केलं. अकराव्या खेळीच्या पुढं चारमिनार सिगरेटचा छापील मनोरा होता.

"मग काय, हरायचं."

"अन् साहेब खात जाईन ना सारं? नाई खाल्लं तं?"

मी हसलो. सक्सेना साहेबांसमोर काही ठेवलं आणि त्यांनी घेतलं नाही, असं कुणी पाहिलं होतं? ज्याला समोर आलेलं घ्यायचंच आहे त्याच्या खेळ्या ठरलेल्याच असतात. तो मग रशियाचा असो की कानपूरचा.

आठवडाभर भाऊजी रोज संध्याकाळी दान करायचा सराव करत होते. त्याचा स्टोअरवर परिणाम झाला. एका वेल्डरला त्यांनी मागितल्याबरोबर चष्मा दिला. वेल्डर घाबरून परत आला आणि विचारू लागला, लांजेवारजींची तब्येत बरी आहे ना.

रविवारी सामना. भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कुंकवाचं बोट लावून आले. हॉलमध्ये टेबलं मांडली होती, पंखे फिरत होते, भिंतीवर माझी नोटीस. सक्सेना साहेब हसत आले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आइए लांजेवारजी, दो-दो हाथ हो जाएँ." साहेब फार चांगलं खेळतात, असं क्लबात म्हणायची पद्धत होती. मी खेळ्या लिहायला शेजारी उभा.

डाव सुरू झाला. भाऊजींनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. साहेबांनीही. भाऊजींनी उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, डोळे मिटले आणि हात मागं घेतला.

साहेबांनी प्यादं पाहिलं. भाऊजींकडं पाहिलं. "अच्छा?" म्हणाले आणि घेतलं.

मग सगळं पाकिटावर लिहिल्याप्रमाणं. साहेबांची बाजूची प्यादी पुढं धावत आली, भाऊजींनी घोडा मारात सोडून किल्लेकोट केला. साहेबांनी घोडा उचलला तेव्हा आजूबाजूच्या चारदोन बाबूंनी माना डोलावल्या. साहेब काय खेळतात! भाऊजींच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. दुसरं प्यादं दिलं. साहेबांच्या वजिरानं खाल्लं. मग उंट सरळ राजाच्या अंगावर, शह देत. साहेबांच्या राजानं स्वतः उठून उंट खाल्ला. साहेब आता खुशीत गुणगुणत होते. तिसरं प्यादं. तेही वजिरानं शह देत खाल्लं.

इतकं सुंदर हरणं भिलाईत कुणी पाहिलं नव्हतं. रशियनांचीही गर्दी आमच्या टेबलाभोवती जमू लागली होती. ग्रीशा पुढं घुसला. पटाकडं बघून त्याचे डोळे लकाकले. त्यानं दुभाष्याच्या कानात काहीतरी म्हटलं. दुभाष्या माझ्याकडं झुकला.

"हा विचारतो, ही ओपनिंग यांना कुणी शिकवली?"

"मी," मी हळूच, पण तोऱ्यात म्हणालो. "याचीच पाहून. याच्या साहेबाशी खेळत होता ना त्या दिवशी."

दुभाष्यानं सांगितलं. ग्रीशा खुदकन हसला, पुन्हा काहीतरी बोलला.

"म्हणतो, साहेबाशी नेहमी हीच खेळतो. साहेब दर वेळी सगळं घेतो आणि दर वेळी मात खातो. मग दोन दिवस बोलत नाही."

मी पटाकडं पाहिलं. इतका वेळ मी फक्त गेलेली मोहरी मोजत होतो. आता उरलेली पाहिली. साहेबांचा राजा घर सोडून उघड्यावर उभा होता. त्याचे घोडे, उंट, हत्ती अजून आपापल्या जागी झोपलेले. आणि मधल्या मोकळ्या झालेल्या पट्टीवर भाऊजींचा वजीर, उंट आणि हत्ती एकामागं एक उभे होते, रेशनच्या दुकानासमोर उभे राहतात तसे.

अकरावी खेळी झाली होती. भाऊजींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पुढं? मी ओठांनी, आवाज न करता म्हणालो, "हरा! हरा!"

भाऊजी देशी पद्धतीचे असले तरी आंधळे नव्हते. त्यांनी पटाकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढं ओढली. त्यांना दिसलं. दोन खेळ्यांत साहेबांचा वजीर गेला. आणखी दोनचार खेळ्यांत राजा कोपऱ्याकडं पळू लागला. साहेबांचं गुणगुणणं थांबलं होतं. भाऊजी मधूनच एखादी खेळी मुद्दाम वाकडी करू पाहत, पण त्या ओपनिंगचा उतारच असा की गाडी आपली पुढंच. आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं: आमगाव, पॅसेंजर, बादली.

मग भाऊजींनी हरायचा एकच खरा उपाय केला. त्यांनी वजीर उचलला, थोडा वेळ मुठीत धरला, आणि सरळ साहेबांच्या घोड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. मागं आधार नाही, काही नाही. घोड्यानं खाल्ला की डाव साहेबांचा. खेळणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, घाई झाली, नजर चुकली. देखणं, सभ्य हरणं. क्वार्टरचं हरणं.

ग्रीशा कण्हला.

साहेबांचा हात घोड्याकडं गेला. बोटं घोड्याच्या कानापाशी पोचली. आणि तिथंच थांबली. इतका वेळ जे जे घेतलं त्यानं काय झालं, ते त्यांना बहुधा आठवलं. हात मागं आला.

"नहीं भाई," साहेब म्हणाले. "नहीं. इसमें कुछ है."

साहेबांच्या तोंडून 'नहीं' आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी राजा एक घर बाजूला सरकवला.

भाऊजींनी नोटीस मोडली. हळूच म्हणाले, "घ्या ना साहेब."

"नहीं, नहीं."

"वजीर आहे, साहेब. चांगला आहे. घ्या."

"आप रखिए, लांजेवारजी, आप ही रखिए," साहेब म्हणाले, आणि शहाणपणानं हसले.

"मी देऊन राहिलो ना!"

"अरे नहीं चाहिए, भाई!"

आमच्याकडं वाढायला आलेल्याला पाहुणा एकदा नको म्हणतो, ती रीत. दोनदा म्हणतो, तो मान. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला तर तो वाढणाऱ्याच्या तोंडावर मारलेला असतो. भाऊजींचा चेहरा मी बदलताना पाहिला. घामानं ओघळलेलं कुंकू त्यांनी मनगटानं पुसलं.

"मंग हे घ्या," ते म्हणाले. वजीर उचलून त्यांनी साहेबांच्या राजाच्या पुढ्यात ठेवला. "शह." साहेबांनी राजा उचलला, इकडं नेला, तिकडं नेला, परत ठेवला. घर उरलं नव्हतं. "अन् मात."

मग ग्रीशानं टाळी वाजवली, थोरल्या रशियनानं वाजवली, मग सगळ्यांनी. सक्सेना साहेबांनीही वाजवली, कारण रशियन वाजवत होते.

खोलीवर आल्यावर त्यांनी शर्ट काढून घडी केला आणि म्हणाले, "तू शेवट नव्हता पाहिला ना?"

"ट्रक होता, भाऊजी."

"हं."

"पण तुम्ही मात कशाला दिली? अजून इकडंतिकडं केलं असतं..."

"शेषराव, जिंदगीत पहिल्या वेळी मी कोणाले काही मनापासून देऊन राहिलो होतो. अन् त्या मानसानं ताटावर हात आडवा धरला." ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. "मनकर्णीले लिहून टाक, तिकडंच राहा म्हनून."

मी ते पत्र लिहिलं नाही. आळस म्हणा.

पुढचं सगळं आपोआप झालं, म्हणजे आमच्याकडं गोष्टी होतात तसं. दुसऱ्या फेरीत भाऊजींसमोर जे मोठे साहेब होते त्यांना अचानक राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवर पाहणीला जावं लागलं. त्याच्या पुढच्या फेरीतल्या त्याहून मोठ्या साहेबांना ताप आला. सगळ्यात मोठ्या साहेबांना दिल्लीचा फोन येणार होता. तो दिवसभर येणार होता. स्टोअरच्या लांजेवारकडून उघड्यावर मात खायची कुणाचीच तयारी नव्हती. एकही डाव न खेळता भाऊजी अंतिम सामन्यात पोचले. तिथं ग्रीशा होता, आणि ग्रीशाला ती ओपनिंग आईच्या अंगाईसारखी पाठ. त्यानं दिलेलं काहीच घेतलं नाही आणि भाऊजींना कपातला चहा फुंकून पिण्याजोगा होईस्तो हरवलं. भाऊजींनी त्याचा राग मानला नाही. म्हणाले, "पोट्ट्यानं घेतलं नाई, पन नाई म्हनताना हसला तरी."

उपविजेता लांजेवार. मीच टाइप केलं.

आणि मग ग्रीशानं हट्ट धरला: माझ्या ओपनिंगनं साहेबाला हरवणाऱ्या माणसाच्या घरी चहा प्यायला जायचं. थोरला रशियन म्हणाला, मीही येतो, फोटोवाल्यालाही घेऊ. रविवार ठरला. आमच्या साहेबांनी मान डोलावली आणि मग चौकशी केली की लांजेवार राहतो कुठं. खुर्सीपार ऐकल्यावर ऑफिसात जी पळापळ झाली ती भट्टी पेटवतानाही झाली नव्हती. सोविएत पाहुणे पत्र्याच्या खोलीत, आणि मागं फोटोवाला!

शुक्रवारी सक्सेना साहेबांनी भाऊजींना बोलावलं. सेक्टरातल्या क्वार्टरची किल्ली स्वतः हातात दिली. हसत होते, पण किल्ली लगेच सोडली नाही.

"लांजेवारजी, एक बाज़ी और होगी. मेरे बंगले पर. सिर्फ़ हम दोनों."

"होईन ना साहेब," भाऊजी म्हणाले आणि किल्ली ओढून घेतली.

तार गेली आणि शनिवारच्या पॅसेंजरनं मनकर्णाबाई आली. ट्रंक दारातच ठेवून ती आधी मागच्या मोरीत गेली. नळ फिरवला. नळ खोकला, लाल पाणी ओकला, मग स्वच्छ धार लागली. ती बराच वेळ धारेखाली हात धरून उभी राहिली. मग बाहेर येऊन भाऊजींना म्हणाली, "हारा म्हटलं तं जिंकले. जिंका म्हटलं तं हारले. कोनं शिकवलं तुमाले हे?"

भाऊजींनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"शेष्याले काय येते? याले तं आमगावात गोट्याही खेळता येत नव्हत्या."

रविवारी पाहुणे आले. ग्रीशा, थोरला रशियन, दुभाष्या, फोटोवाला, आणि भिंतीला पाठ लावून सक्सेना साहेब. पाहुणे बसल्यावर कळलं की घरात गूळ आहे, साखर नाही. मनकर्णाबाई म्हणाली, रशियातून आलेल्या मानसाले गुळाचा चहा देऊ का? शेजारची क्वार्टरं अजून रिकामी होती. ओळखीचं घर एकच, दोन रस्ते पलीकडं. मी धावलो. सक्सेना साहेबांच्या मेमसाहेबांनी निळ्या फुलांच्या चिनी वाटीत साखर भरून दिली. चहा झाला. थोरल्या रशियनानं दोन कप घेतले. साहेबांनीही स्वतःच्याच घरची साखर दोनदा घेतली.

ती वाटी आमच्याकडं राहिली.

मनकर्णाबाईचं म्हणणं, उसनी वाटी रिकामी परत जात नसते. तिनं आधी त्यात चिवडा भरून भाऊजींना पिटाळलं. भाऊजी अर्ध्या वाटेवरून परत आले. "साहेब व्हरांड्यात पट मांडून बसले," भाऊजी म्हणाले. "आता हारू का जिंकू?" चिवडा आम्ही संध्याकाळी खाल्ला. पुढच्या रविवारी करंज्या भरल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी फाटकापर्यंत गेलो. साहेबांनी मला पाहिलं, माझ्या हातात वाटी पाहिली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं. "लांजेवारजी कहाँ हैं?" मी म्हटलं, येतीलच, आणि वाटीसकट परतलो. करंज्या चांगल्या झाल्या होत्या.

आता मनकर्णाबाईनं त्या वाटीत फोडणीची मोहरी ठेवली आहे, तात्पुरती. भाऊजी रोज कामावर निघताना म्हणतात, "ते वाटीचं पाहा लागते एकदा," आणि साहेबांच्या बंगल्याला वळसा घालून लांबच्या रस्त्यानं जातात.